वरंध घाटातून एकटे जाताना

भोर मागे पडले की रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेने वळणे घेत वरंध घाटाकडे निघतो. माथ्यावर कावळ्या किल्ला, खाली उतरले की महाड. पावसाळ्यात येथे दरडी कोसळतात, कधी वाहतूकही बंद ठेवतात. म्हणून निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी.

घरच्यांना आपला ठावठिकाणा कळवायला फार पैसे लागत नाहीत. व्हॉट्सॲपवरून ‘लाइव्ह लोकेशन’ १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तासांसाठी पाठवता येते; खर्च काय तो इंटरनेटचा. पण डोंगराआड रेंज गेली की नकाशावरची खूण जागीच थांबते आणि घरी आईच्या जिवाला घोर लागतो.

आमची नोकरी फिरतीची. त्यामुळे एक रीत पडून गेली आहे. भोरहून निघताना एक निरोप, महाडला पोचल्यावर दुसरा. पहिल्या निरोपात गाडीचा नंबर आणि पोचण्याची वेळ कळवावी. साध्या फोनवरचा एसएमएस इंटरनेट नसतानाही जातो. घाटात रेंज नसते, हे घरी आधीच सांगावे. वेळ टळून दोन तास झाले, तर प्रथम कोणाला फोन करायचा, तो नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. त्याखाली ११२ हा मदतीचा क्रमांकही लिहावा.