‘ढ’ म्हणण्याआधी

डिस्लेक्सिया हा शब्द आमच्या वस्तीत अजून नीटसा पोहोचलेला नाही. इथे एकच शब्द चालतो, ‘ढ’. आमच्या धाकट्या मुलीला तो तिसरीत चिकटला. दुकानातला हिशेब तोंडी चोख, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगणार; पण पुस्तक उघडले की पोरीला घाम फुटायचा. ‘घर’चे ‘धर’ व्हायचे, ‘भात’चा ‘मात’. शाळेतून आम्हांला सांगण्यात आले की हिला डोके नाही, उगाच खर्च करू नका. पोटाला चिमटा काढून ज्या घरात वह्या घेतल्या जातात, त्या घराला हे वाक्य किती लागते ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

आमिर खानचा ‘तारे जमीन पर’ २००७ साली आला. सगळ्यांनी पाहिला, सगळे रडले. पण असे मूल आपल्या चाळीतही असेल, असे कुणी बोलले नाही.

ओळखीच्या एका नर्सताईंनी आम्हांला शीवच्या रुग्णालयात जायला सांगितले. तिथे आणि नायरला अशा मुलांची तपासणी होते. काम एका दिवसाचे नाही. आधी डोळे आणि कान, मग बुद्धीची चाचणी, मग लिहिण्या-वाचण्याची. आम्ही दोघांनी पाळीपाळीने खाडे केले, पगार कापला गेला. पण कळले ते लाखमोलाचे होते. बुद्धी चांगली आहे. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड तेवढी सहज बसत नाही. यावर औषध-गोळी नाही. वेगळ्या रीतीने, हळूहळू शिकवावे लागते.

खास शिक्षिकेची शिकवणी परवडेना, म्हणून आम्ही मोबाईलकडे वळलो. बरीच ॲप्स उतरवली, त्यांतली बरीच काढून टाकली. पुष्कळशी इंग्रजी बी आणि डी यांचा गोंधळ सोडवायला बनवलेली. आमच्या पोरीची अडचण निराळी. ‘दि’ म्हणताना द आधी उच्चारायचा, पण पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते. आणि ‘र’ तर बहुरूपीच! ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘क्रम’मध्ये पोटात, ‘ट्रक’मध्ये पायाशी, ‘दऱ्या’मध्ये आणखी चौथेच सोंग.

उपयोग झाला तो दोन-तीन गोष्टींचा. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, आणि त्या पायऱ्यांनी लावलेल्या आहेत. पहिल्या पायरीला पानावर एखाद-दुसरेच वाक्य आणि मोठे चित्र. मुलीला ‘पुस्तक संपवले’ असे म्हणता आले ते तिथे पहिल्यांदा. दुसरे एक ॲप असे की मूल मोठ्याने वाचते आणि ते ऐकते. जमलेला शब्द रंग बदलतो, अडलेल्या शब्दावर बोट ठेवले की ते उच्चारून दाखवते. दहाव्यांदा विचारले तरी चिडत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र आमची मुलगी घरच्यासारखे ‘पानी’ म्हणाली की ते अडून बसते. अशा वेळी शेजारी माणूस हवे, नाहीतर वाचता आलेला शब्दही पोर चुकीचा समजते.

रोज पंधरा मिनिटे, त्याहून जास्त नाही. मोबाईल ठेवला की तेच अक्षर ताटातल्या पिठात बोटाने काढायचे आणि काढताना मोठ्याने म्हणायचे. पडद्यावरचे अक्षर हातात उतरते ते इथे.

आणखी एक. वाचायला शिकणे वेगळे आणि ज्ञान मिळवणे वेगळे. वाचन येईपर्यंत परिसर अभ्यास का थांबावा? आमच्या मोठ्या मुलीने सगळे धडे आपल्या आवाजात मोबाईलमध्ये भरून ठेवले. त्याला ना ॲप लागले, ना नेट पॅक. धाकटी ते ऐकते आणि तोंडी उत्तरे फडाफड देते.

‘महिन्यात डिस्लेक्सिया बरा’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. डिस्लेक्सिया बरा होत नाही, मूल वाचायला शिकते.

दाखल्यावरून नातेवाइकांत कुरबूर झाली. पोरीवर शिक्का बसेल, लग्नात आडवे येईल, असे म्हणाले. महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना परीक्षेत सवलती १९९६ सालीच दिल्या; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ही अडचण नोंदलेली आहे. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पण कागद असेल तर. आमच्या घरात दाखल्यांची फाईल तशीही जाडच आहे, त्यात हा एक आणखी.

आता ती पाचवीत आहे. वाचते, पण सावकाश. जोडाक्षर आले की बोट थांबते. घरात मोबाईल एकच, आणि वडिलांची रात्रपाळी असली की तो त्यांच्याबरोबर जातो, म्हणून पंधरा मिनिटे संध्याकाळी सहालाच उरकतो. दाखला पुढे नव्याने करून घ्यावा लागेल. तेव्हा पुन्हा चार खाडे होतील, ते आम्ही आताच हिशेबात धरले आहेत.