उद्यमनगरातला नाडीपरीक्षक

कोल्हापूरला गेलेला पाहुणा आधी अंबाबाईचे दर्शन घेतो, मग तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारतो आणि परतताना पायांत करकरणारी नवी चप्पल घालून येतो. शिवाजी उद्यमनगराची वाट मात्र कुणी दाखवत नाही. तिथे मी गेलो तो मामांच्या मोपेडमुळे.

मामांचे वय अठ्ठ्याहत्तर. डावा गुडघा अधू, त्यामुळे गिअरची गाडी बंद झालेली. सकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर दूध, संध्याकाळी रंकाळा, असे त्यांचे सारे स्वातंत्र्य ह्या बिनगिअरच्या गाडीवर उभे. अलीकडे मात्र राजारामपुरीकडच्या चढावर ती नुसती ओरडे, पुढे सरकत नसे. एका दुकानदाराने ‘इंजिन बदला’ म्हणून सांगितले. घरच्यांनी ‘भंगारात घाला’ म्हटले. मामा गप्प बसले. आणि कोल्हापूरचा माणूस गप्प बसला की समजावे, दुखणे खोल आहे.

मी गाडी उद्यमनगरात नेली. मिस्त्री साठीचे, बोटांच्या पेरांत काळे तेल मुरलेले. पाना हातात न घेता त्यांनी आधी चाकांतली हवा पाहिली, मग मागचे चाक उचलून फिरवले. ब्रेक घासत नव्हता. मग गाडीवर बसून एक फेरी मारून आले.

“सायेब, इंजिन दमलं असतं तर चढाला आवाज पडला असता,” ते म्हणाले. “हितं आवाज चढतोय आणि चाक मागं ऱ्हातंय. ताकद तयार हुतीया, पोचत न्हाई. दुखणं क्लचचं हाय.”

वाचकहो, ह्या क्लचची युक्ती समजायला फुगडी आठवावी. गरगर फिरताना अंग जसे बाहेर फेकले जाते, तसे इंजिनाने वेग घेतला की क्लचचे शू बाहेर फाकतात आणि भोवतीच्या ड्रमला घट्ट धरतात. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना आत ओढतात. हाताने दाबायचा क्लच नाही, पायाने बदलायचा गिअर नाही. इटलीत १९६७ साली आलेल्या ‘चाओ’च्या धर्तीवर पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली पन्नास सीसीची लूना काढली, ती ह्याच युक्तीवर, आणि शिक्षक, पोस्टमन, नोकरदार स्त्रिया रस्त्यावर आल्या.

“उभी असताना गाडी आपोआप पुढं पळती का?” मिस्त्रींनी विचारले. पळत असती तर दोष ढिल्या स्प्रिंगांचा, नाहीतर इंजिनाचा संथ वेग जास्त ठेवल्याचा. सुटताना थरथरली असती तर शू वेडेवाकडे झिजलेले, नाहीतर ड्रमची गोलाई गेलेली. मामांच्या गाडीला ह्यातले काहीच नव्हते.

झाकण उघडले. शूंची अस्तरे काचेसारखी चकाकत होती आणि वर तेलाचा ओलावा. मिस्त्रींनी आतली भुकटी फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपली. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, ते छातीत जाऊ नये म्हणून. मग आतल्या सीलवर बोट ठेवले.

“चोर ह्यो. नुसते शू बदलले तर चार दिसांत तेबी तेल पित्याल.”

नवे सील बसले, शूंची जोडी बसली, स्प्रिंगा एक न बदलता सगळ्या बदलल्या. ड्रम पेट्रोलने पुसून बारीक पॉलिश कागदाने घासला. इंजिनाला कुणी हातही लावला नाही!

ही नाडीपरीक्षा इथली जुनी विद्या आहे. ह्याच गावी बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीने सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. उसाच्या ह्या मुलखात पाणी उपसायला ऑईल इंजिने लागत. ती दुरुस्त करता करता म्हादबा मेस्त्रींसारखे कारागीर स्वतःच इंजिने घडवू लागले. मोडलेले समजून घेणे हीच त्यांची शाळा होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी पन्हाळ्याच्या वाटेला लावली. शिवाजी पूल ओलांडला, पंचगंगेवर धुके होते. केर्ली मागे पडले, वाघबीळ आले आणि चढ लागला. गाडी वळणामागून वळण घेत, संथ पण न अडखळता वर गेली. तटाशी थांबून मी मामांना फोन केला. ते एवढेच म्हणाले, “उद्या दुधाला मी जाणार.”

मिस्त्रींचा मुलगा शिरोलीच्या फौंड्रीत आहे. दुकानात शिकाऊ कुणी नाही. २०२४ साली आलेल्या विजेच्या ई-लूनात तर हा क्लच नाहीच. काळ पुढे जाणारच. पण दिवाळीच्या सुटीत कोल्हापूरला जाल तेव्हा मुलांना घेऊन एक फेरी उद्यमनगरात मारा. उघडलेल्या गाडीशी बसलेला असा एखादा म्हातारा अजून भेटेल. त्याला घाई नसते, आणि विचारले तर तो सांगतो.