माळशेजच्या वाटेवर जीपचे अडलेले बाकडे

ओतूर सोडून माळशेज घाटाकडे निघाले की पावसाळ्यात धुके रस्त्यावर उतरते आणि पुढचे वळण दिसेनासे होते. या भागात काही घरी जुनी जीप अजून राबते. मागची बाकडी पाडली की माणसे बसतात, उचलली की कांद्याच्या गोण्या मावतात. १९४१ सालच्या लष्करी विलीज जीपलाही मागे घडीचेच बाकडे होते.

पण घाटातली ओल आणि गोण्यांची माती बिजागरीत बसते, गंज चढतो आणि बाकडे अडते. तेव्हा हातोडा उचलू नका. खीळ वाकली तर काम वाढेल. आधी तारेच्या ब्रशाने माती झाडा. बिजागरीत व खटक्यात थोडे डिझेल सोडून रात्रभर मुरू द्या. विडी-काडी लांब ठेवा. सकाळी एकाने बाकडे दाबून धरावे, म्हणजे खटक्यावरचा ताण सुटतो. दुसऱ्याने खटका हलक्या हाताने मागेपुढे करावा. सुटला की डिझेल पुसून ग्रीस भरा.

शेवटी बाकडे पाडून जोराने हलवा आणि खटका पक्का बसला ना, ते पाहा. घाटाच्या वळणावर बाकडे निसटले तर बसलेला माणूस फेकला जातो. आणि मागे बसतात ती बहुधा आपली म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे.