वाईन शॉपमधली वाईन

संध्याकाळी सहाच्या सुमाराला चाकणच्या तळेगाव चौकात जो उभा राहिलाय त्यालाच कळेल, की रस्ता ओलांडणं हेसुद्धा एक पूर्णवेळ काम असू शकतं. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, कांद्याचे टेम्पो आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणारे दुचाकीवाले. पण परवा मला ट्रॅफिकची भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती वाईन शॉपची.

वय त्रेचाळीस. क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये सतरा वर्षं काढलेली. सप्लायरचा अख्खा लॉट रिजेक्ट करताना माझा हात थरथरत नाही. आणि त्या दुकानासमोरून मी दोनदा पुढे जाऊन दोनदा परत आले.

झालं होतं असं, की गेल्या महिन्यात कस्टमर व्हिजिटनंतर जेवण होतं. परदेशी पाहुणे होते, टेबलावर रेड वाईन आली. सगळ्यांनी ग्लास उचलले तसा मीही उचलला आणि आयुष्यातला पहिला घोट घेतला. कच्चा चिकू खाल्ल्यावर जीभ कशी आखडते? तस्संच. माझा चेहरा बघून शेजारी बसलेली आमची नवीन इंजिनियर पोरगी हसली. म्हणाली, "मॅडम, ही ड्राय आहे. सुरुवात गोडापासून करायची असते."

खरं तर विषय तिथेच संपायला हवा होता. नाही आवडली, सुटलो. पण नाही संपला. त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भोसरीत एका कंपनीत होते. पगाराच्या दिवशी आई मला घेऊन गेटवर जाऊन उभी राहायची. पाकीट आधी आईच्या हातात पडलं तर महिन्याचा किराणा, नाही पडलं तर... असो. मी एकोणीस वर्षांची असताना अण्णा गेले. लिव्हर. तेव्हापासून आमच्या घरात बाटली म्हटलं की पाण्याची नाहीतर औषधाची. लग्नानंतर नवऱ्यानेही हे न बोलता पाळलं. तो मित्रांबरोबर कधी बीयर घेतो, पण घरात आणत नाही.

मी स्वतः कधीच घेतली नाही, आणि ते तत्त्व आहे असं सगळ्यांना सांगत आले. त्या जेवणानंतर घरी येताना पहिल्यांदा जाणवलं की ते तत्त्व नव्हतंच. ती भीती होती. दारूची नाही. आपल्याला आवडली तर, याची.

मग मी तेच केलं जे मला येतं. स्पेसिफिकेशन वाचायला घेतलं.

पहिला धडा असा, की वाईन 'गोड' असणं म्हणजे तिच्यात साखर उरलेली असणं. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं, तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. इडलीचं पीठ फुगतं त्याच्याच नात्यातला प्रकार. सगळी साखर खाऊन झाली की वाईन 'ड्राय'. युरोपातल्या नियमांत साधारण लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर ड्राय आणि ४५ ग्रॅमच्या वर गेली की गोड. तुलनेसाठी सांगते, आपण पोरांना जो कोला पाजतो त्यात लिटरला शंभर ग्रॅमच्या वर साखर असते!

आणि जीभ आखडते ती साखर नाही म्हणून नाही, तर टॅनिनमुळे. ते सालीतून आणि बियांतून येतं. द्राक्षाचा रस बहुतेक वेळा पांढराच असतो. लाल रंग सालीचा, म्हणून लाल वाईन सालीसकट आंबवतात आणि म्हणून ती तुरट. कडक चहात साखर घातली की तुरटपणा झाकला जातो, तेच काम इथे उरलेली साखर करते. नवशिक्याने गोडापासून सुरुवात करावी म्हणतात ते यासाठी.

दुसरा धडा माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. साखर उरवायच्या पद्धती वेगवेगळ्या. एक, आंबणं मध्येच थंड करून, गाळून थांबवायचं. अशी वाईन गोड आणि सौम्य राहते. इटलीत ब्राकेत्तो नावाच्या द्राक्षाची अशी फसफसणारी गोड लाल वाईन करतात, काही लांब्रुस्को पण गोड असतात. दुसरी पद्धत पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातली. रस आंबत असताना मध्येच द्राक्षाचं स्पिरिट ओतायचं, यीस्ट मरतं आणि साखर तशीच राहते. ही पोर्ट. गोडही आणि २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलही. गोव्याला गेलेला प्रत्येक माणूस जी 'पोर्ट वाईन' घेऊन येतो ती याच नावाची, गोड आणि स्वस्त.

म्हणजे दोन्ही गोड, दोन्ही लाल, पण एक बाटली दुसरीच्या दुप्पट कडक असू शकते आणि जिभेला पत्ता लागत नाही. साखर ते लपवते. हे वाचलं आणि मी जरा वेळ फोन बाजूला ठेवून दिला.

हे सगळं आपल्याच रस्त्यावरचं आहे याची गंमत वाटली. चाकणवरून नाशिक रोडने पुढे गेलं की नारायणगाव. शाम चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात तिथे वाईनरी काढली आणि तिथली फसफसणारी वाईन 'ओमर खय्याम' नावाने परदेशात गेली. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली. त्याच रस्त्याचं दुसरं टोक नाशिक. राजीव सामंतांनी १९९७ साली तिथे वाईनची द्राक्षं लावली, २००० साली सुलाची पहिली वाईन आली. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. आणि २०२२ साली सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा केवढा वाद झाला ते आठवत असेलच. तेव्हा मीही तावातावाने विरोधात बोलले होते. आजही त्या बाजूचं मला समजतं.

तर वाईन शॉप. आपल्याकडे वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं समोर असतं. वाईन पाहिजे म्हटल्यावर काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे, मग मागच्या फळीकडे बघितलं. दोन बाटल्यांवरची धूळ पुसली.

"गोड पाहिजे का, मॅडम? ही पोर्ट घ्या. बायका हीच नेतात."

मी दोन्ही बाटल्या फिरवून लेबल वाचायला लागले. पोर्टवर १५ टक्के. दुसरी फसफसणारी लाल, ८ टक्के. मागे दोन पोरं ताटकळत होती, पण मला सतरा वर्षांची सवय, मी शांतपणे वाचलं. एका लेबलवर 'फ्रूटी' लिहिलं होतं, ते गोड असल्याचं प्रमाणपत्र नाही हे एव्हाना कळलेलं होतं. फ्रूटी म्हणजे वास फळाचा, वाईन ड्राय असू शकते. ८ टक्केवाली घेतली. त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली. अण्णांची पिशवी अशीच असायची.

घरी आई होती. लपवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून बाटली सरळ ओट्यावर ठेवली. म्हटलं, "आई, आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. थोडी घेऊन बघणार आहे."

आई काही बोलली नाही. रात्री मी बाटली उघडली तेव्हा मात्र जवळ आली आणि तिने ग्लासाचा वास घेतला. बराच वेळ. मग म्हणाली, "तो वास नाही हा."

"नाही गं."

"तुझ्या बापानं चव बघायला म्हणून कधी प्याली नाही," एवढंच बोलून ती टीव्हीसमोर जाऊन बसली.

वाईन फ्रीजमधून काढलेली गार होती. जांभूळ, काळी मनुका असलं काहीतरी, आणि शेवटी जराशी तुरट. आवडली. स्पष्टच लिहिते, आवडली. दीडशे मिलीचा एक ग्लास मी मोजून घेतला, हो, किचनच्या मापाने. नवऱ्याने दोन घेतले. ७५० मिलीत असे पाच ग्लास बसतात, म्हणजे दोन उरले. नवऱ्याने विचारलं, "अजून?" आणि माझ्या तोंडून "नको" यायला एक सेकंद उशीर झाला. तो एक सेकंद मी विसरणार नाही.

रेड वाईन हृदयाला चांगली वगैरे मी स्वतःला सांगणार नाहीये. दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलंय. आणि आईला डायबेटिस, त्यामुळे तिने मागितली असती तरी दिली नसती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये दुपारी उगीचच त्या दोन ग्लासांची आठवण आली. ती इच्छा होती की नुसती पाळत, मला सांगता येत नाही. घरी आल्यावर फ्रीज उघडून बघितलं. बाटली होती तिथेच, होती तेवढीच. आईने मात्र तिच्या शेजारी ताकाचं भांडं असं काही ठेवलं होतं, की ते हलवल्याशिवाय बाटली निघणार नाही.

मी भांडं हलवलं नाही. ताक तेवढं घेतलं.