परक्या गावातील रुग्णालय

परदेशी बिऱ्हाड मांडताना आपण बाजार शोधतो, शाळा शोधतो. रुग्णालय मात्र दुखणे दारात आल्यावर शोधतो. आम्हीही तेच केले.

थायलंडमधील हुआ हिन हे बँकॉकपासून सुमारे २०० किलोमीटरवरचे, समुद्रकाठचे पर्यटनस्थळ. तेथे एका रात्री यजमानांच्या छातीत कळ आली. किनाऱ्यावरच्या झगझगीत पाटीच्या दवाखान्यात धावलो. त्यांनी आधी अनामत रक्कम मागितली; हृदयरोगाचे डॉक्टर रात्री नसतात, हे नंतर सांगितले. अखेर शेजारणीने १६६९ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक फिरवला. सरकारी रुग्णालयातील परिचारिकेच्या प्रश्नातला 'आयु' एवढाच शब्द मला कळला. तो आपलाच होता. वय सांगताना धीर आला. औषधांची नावे सांगताना मात्र मी अडले. आपल्याकडची व्यापारी नावे तेथे कोणास ठाऊक असणार?

यजमान वाचले. म्हणून सांगते, नव्या गावी प्रकृती धड असतानाच रुग्णालयाची पायरी एकदा चढून या. रात्री कोणते डॉक्टर असतात, आपला विमा चालतो का, हे विचारा. औषधांची मूळ रासायनिक नावे लिहून ठेवा. आमच्या दारामागे तसा कागद आता कायम चिकटवलेला असतो.