दहा टोले

रिंगजवळची घंटा एरवी दोनच कारणांनी वाजायची, लढत सुरू झाली म्हणून किंवा संपली म्हणून. त्या रात्री कोणी लढत नसताना ती दहा वेळा वाजली. एकेका टोल्यानंतर आवाज पुरता विरू द्यायचा, मग पुढचा. समोरच्या मंचावर सगळे मल्ल रांगा करून उभे होते, दंडाला काळ्या पट्ट्या बांधून. आदल्या आठवड्यात एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या घालणारे खांद्याला खांदा लावून उभे होते. कुणाचं नाक लाल, कुणाची मान खाली.

नोव्हेंबर 2005. मी नववीत होतो आणि टेन स्पोर्ट्सवर डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीचा 'रॉ' हा कुस्तीचा कार्यक्रम बघत होतो. तिथला मल्ल एडी गरेरो गेला होता. 13 नोव्हेंबरला मिनिआपोलिसच्या हॉटेलात, खोलीतच. वय अडतीस. सापडला तो पुतण्या चावोला, जो त्याच कंपनीत कुस्ती खेळायचा. त्याच संध्याकाळी त्याच शहरात कार्यक्रम ठरलेला होता आणि तो झाला. नेहमीच्या भांडणांच्या जागी श्रद्धांजली, पण झाला.

आमचं घर पंचगंगेकाठच्या गावात. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, जुने पैलवान. कान मोडलेले, मान खांद्यांत रुतलेली. जत्रेजत्रेची मैदानं त्यांनी मारली होती आणि कोल्हापूरच्या खासबाग मैदानात दोनदा लांग चढवली होती. डब्ल्यूडब्ल्यूई लागलं की ते एकच शब्द बोलायचे, "नुरा." कुस्ती आधीच ठरवून खेळली की आमच्याकडे तिला नुरा म्हणतात, आणि पैलवानाच्या तोंडी याहून वाईट शिवी नाही.

तरी ते बघायला बसत, ते कर्ट अँगलमुळे. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्यानं सुवर्णपदक जिंकलं होतं. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून कांस्य आणलं, त्याचं मोल आमच्या घरात देव्हाऱ्याइतकं. "सोनं घेतलेला गडी हितं मुद्दाम का पडाय लागलाय?" आबा विचारायचे. हे ते हिणवायला विचारत नसत. त्यांना खरंच उत्तर हवं असायचं आणि माझ्याकडे ते नव्हतं.

माझा जीव मात्र एडीवर होता. टेक्सासातल्या एल पासोचं मेक्सिकन घराणं, बाप गोरी गरेरो मेक्सिकोतला नावाजलेला मल्ल. एडी उंचीनं बुटका. ठेंगण्या, रंगीत मोटारीतून तो यायचा आणि ती मोटार जागच्या जागी उड्या मारायची. पंचाची पाठ वळली की खुर्ची समोरच्याच्या हातात फेकायचा आणि आपणच कपाळ धरून आडवा व्हायचा. पंच वळून बघतो तो खुर्ची दुसऱ्याच्या हातात! लोक या लबाडीवर जीव टाकत, कारण ती लबाडी करताना तो त्यांच्याकडे बघून हसायचा. त्याआधीचे दिवस वाईट होते. दारू आणि गोळ्यांपायी 2001 मध्ये त्याची नोकरी गेली होती. तो सुधारला, परत आला आणि 15 फेब्रुवारी 2004 ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये ब्रॉक लेस्नरसारख्या डोंगराला हरवून विजेता झाला. दोरावर चढून पोटावर झेपावण्याचा तो डाव, फ्रॉग स्प्लॅश. आणि मग पट्टा घेऊन सरळ लोकांत शिरला. मी घरात इतक्या मोठ्यांदा ओरडलो की आई पोळपाट हातात घेऊनच बाहेर आली.

तर ते दहा टोले. आबा खाटेवर होते. उठून बसले.

"कोण गेलं रं?"

मी सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग पहिली लढत लागली तसे चिडले. "पैलवान गेल्यावर त्या दिवशी तालमीत माती उकरत न्हाईत. कुलूप घालत्यात. आन ही लढाय लागल्यात?"

मलाही ते खटकत होतं. पण हळूहळू दिसायला लागलं की त्या लोकांकडे शोक करण्याची दुसरी रीतच नव्हती. मधे मधे एकेकाला कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. इतके दिवस पात्रं म्हणून पाहिलेली ती माणसं स्वतःच्या आवाजात बोलत होती आणि त्यांना वाक्यं पुरी करता येत नव्हती. ज्यांना बोलणं जमत नव्हतं त्यांना रिंगमध्ये हातपाय हलवणं जमत होतं.

चावोची लढत जेबीएलशी झाली. चावो तोपर्यंत कर्विन व्हाइट नावाचं सोंग वागवत होता, आपल्या मेक्सिकन मुळांची लाज वाटणारा माणूस असं ते पात्र. त्या आठवड्यात त्यानं ते टाकलं आणि गरेरो होऊन आला. जेबीएल म्हणजे 2004 च्या जूनमध्ये एडीचा पट्टा हिसकावणारा टेक्सासचा थोराड माणूस. शेवटी चावो कोपऱ्यातल्या दोरावर चढला, काकासारखीच झेप घेतली आणि जेबीएलनं तीन मोजेपर्यंत पाठ टेकवून ठेवली.

आबा पुढं सरकले होते. "त्यो खालचा बघ," ते म्हणाले. "हालला न्हाई. हालला असता तर वरच्याची बरगडी गेली असती. आन वरच्यानं बी सगळं वजन हातावं आन गुडघ्यावं घेतलं."

मग पुढच्या लढतीत त्यांनी मला पडणं बघायला शिकवलं. हनुवटी छातीला चिकटलेली, डोकं वर धरलेलं, पाठ एकदम सपाट, दोन्ही हात बाजूला आपटलेले. माराला पूर्ण पाठभर पसरवून टाकायचं. खाली काय, लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, पातळ फोम आणि ताणलेलं कॅनव्हास. आमच्या हौद्यातली ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली माती नव्हे. आबांची सगळी हयात पाठ जमिनीला लागू नये म्हणून गेली. दोन्ही खांदे टेकले की आमच्याकडे सगळं संपतं. आणि इथं माणसं वर्षातल्या किती रात्री पाठ टेकवण्यासाठीच उतरत होती, आणि ज्याच्या अंगावर झेपावत होती त्याला सांभाळत होती.

"नुरा हाय," आबा शेवटी म्हणाले. "पर अंग खोटं न्हाई."

ते अंगच एडीला घेऊन गेलं होतं. हृदयाच्या धमन्या आतून भरत आल्या होत्या. व्यसन सोडून त्याला चार वर्षं झाली होती, पण शरीरानं जुना हिशेब ठेवला होता. पुढच्या फेब्रुवारीत कंपनीनं मल्लांची औषध-चाचणी आणि हृदय-तपासणी सुरू केली. ते खूप आधी व्हायला हवं होतं. अडतीस वर्षांचा माणूस जाईपर्यंत थांबायची गरज नव्हती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आज अधिक रागानं वाटतं.

त्या कार्यक्रमात सर्वांत जास्त रडला तो क्रिस बेन्वा. दोघे तरुणपणी जपानात एकत्र लढलेले, जिवाचे मित्र. 14 मार्च 2004 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, विसाव्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वार्षिक महासोहळ्यात, दोघांकडे एकेक विजेतेपद होतं. शेवटी रिंगमध्ये त्यांनी घट्ट मिठी मारली, वरून कागदी चांदण्या पडत होत्या. कितीतरी महिने ते चित्र माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर होतं. जून 2007 मध्ये बेन्वानं आपल्या बायकोचा आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव घेतला आणि मग स्वतःचा. कंपनीनं आधी त्याच्यासाठीही तसाच कार्यक्रम केला आणि खरं काय घडलं ते कळल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव पुसून टाकलं. मी पुठ्ठा फाडला. एडी मात्र त्याच चित्रात होता, त्यालाही फाडावं लागलं. त्याचा मला आजही सल आहे.

विसावी रेसलमेनिया मी अजून लावतो, पण पूर्ण बघत नाही. एडी आणि कर्ट अँगल यांच्या लढतीपुरती बघतो. अँगलनं त्याचा घोटा पिळून धरलेला असतो, ऑलिम्पिकवाल्याची पकड, सुटका नाही. एडी कसाबसा निसटतो आणि कोपऱ्यात बसून बुटाची नाडी सैल करायला लागतो. बोलणारे म्हणतात, घोटा सुजला असेल. अँगल पुन्हा झडप घालतो, पाय पकडतो, पिळतो, आणि नुसता बूट त्याच्या हातात येतो. एडी त्याला गुंडाळतो, पाय दोराला लावतो, तीन मोजले जातात.

ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आबांनी मांडीवर अशी थाप मारली होती की शड्डूच घुमला. "आरं, बूटच ठिवला की लेकानं हातात!" म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. अँगलचा तो रिकामा बूट धरलेला हात आला की मी तिथंच थांबवतो.