थांबणारी आमिषं

बास माशाच्या आमिषांवर वाद सुरू झाला की रात्र पुरत नाही. टेक्ससमध्ये तर नाहीच नाही. प्रत्येकाच्या पेटीत एक लाडकं ल्यूर, म्हणजे कृत्रिम आमिष, असतं, त्याच्यामागे एक मोठा मासा असतो आणि सांगणाऱ्याचा हात दर वर्षी थोडा जास्त फाकतो. माझी कसोटी मात्र वेगळी आहे आणि ती दुकानात लावता येत नाही. हे आमिष थांबतं कसं? पाण्यात पळतं कसं ते सगळेच बघतात, पाकिटावरही तेच छापलेलं असतं. मी थांबणं बघतो.

त्याला कारण हा मासाच आहे. बास लांबवर पाठलाग करणाऱ्यातला नव्हे, दबा धरणाऱ्यातला. बुडालेल्या झाडाच्या आड किंवा पाणवनस्पतींच्या कडेला तो उभा असतो. समोरून काही एका चालीने सरळ गेलं तर बघतो, कधी चार हात मागेही येतो आणि वळून परत जागेवर जातो. तोंड उघडतो तो बहुधा चाल मोडल्यावर. भक्ष्य अडखळलं, आपटलं, थबकलं, की पुढचा विचार त्याच्याकडे नसतो. जबडा उघडतो, कल्ले फाकतात आणि पाण्यासकट आमिष आत ओढलं जातं. चावा असा नसतोच, असतो तो घोट. आणि नको असलेली वस्तू तो तितक्याच वेगाने बाहेरही टाकतो.

मी गरवतो ते डॅलसच्या पूर्वेला असलेल्या लेक फोर्कवर. धरण 1980 सालचं. पाणी भरलं तेव्हा बरीच झाडं तशीच उभी ठेवली होती आणि त्यांचे बोडके बुंधे अजून पाण्यातून डोकावतात. बोट हाकताना जीव मुठीत धरावा लागतो, पण बासला याहून चांगलं घर बांधून देता आलं नसतं. त्यात तलाव भरायच्या आधीच फ्लोरिडाच्या वाणाचे, चटकन अंगाने भरणारे बास इथे सोडले होते. टेक्ससचा विक्रमी बास इथलाच, 1992 च्या जानेवारीतला, 18.18 पौंडांचा. तो लागला मात्र जिवंत छोट्या माशावर, आणि तोही क्रॅपी नावाचा भलताच मासा पकडायला बसलेल्या माणसाला. ल्यूरवाल्यांच्या गप्पांत हा तपशील सहसा गाळला जातो.

तर या बुंध्यांमध्ये माझ्या हाताला पहिली सवय लागली ती सेंको नावाच्या मऊ किड्याची. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येतं. पाच इंचांची रबरासारखी कांडी, ना शेपूट, ना पाय, ना डोळा. गॅरी यामामोटो यांनी बॉलपेनच्या आकारावरून हे काढलं असं सांगतात आणि आकार बघता ते पटतंही. गंमत आहे ती त्यात कालवलेल्या मिठाची. मिठाने कांडीला वजन येतं, त्यामुळे शिसं न लावता ती लांब फेकता येते आणि आपल्या बेताने बुडते. गळ बरोबर मधोमध टोचायचा, दोन्ही टोकं मोकळी. बुंध्याच्या पलीकडे टाकायची, दोरी ढिली सोडायची आणि मग काही म्हणजे काही करायचं नाही. कांडी आडवी राहून खाली जाते आणि जाताना दोन्ही टोकं बारीक थरथरतात. बोटातल्या जिवंत गांडुळाचा वळवळाट ज्याने लहानपणी खाडीकाठी अनुभवला आहे त्याला ही थरथर ओळखीची वाटेल.

या वेळी बघायचं ते दोरीकडे. हाताला काही कळत नाही, कारण दोरी ताणलेलीच नाही. ती पाण्यावर सैल वेटोळ्यांत पडलेली असते आणि कांडी खाली जाईल तशी एकेक वेटोळं हळूहळू सरळ होत असतं. मग त्यातलं एखादं टचकन उडतं. किंवा कांडी तळाला टेकायच्या आधीच दोरी सरकायची थांबते. किंवा, आणि माझी आवडती खूण हीच, दोरी आडवी चालू लागते, निवांत, कुणी ती उचलून घेऊन निघाल्यासारखी. मग रॉडचं टोक खाली, रीलचे दोन फेरे, ढील संपली की झटका. ढील असताना दिलेला झटका वाऱ्यावर जातो.

उन्हाळ्याच्या पहाटे मी झारा स्पूक काढतो. हेडन कंपनीचं हे सिगारच्या आकाराचं आमिष 1939 पासून प्लास्टिकमध्ये निघतं आणि अजून कुणी त्याला मागे टाकलेलं नाही असं माझं मत आहे. ते बुडत नाही. मनगटाला ताल सापडला की पाण्यावर डावीकडे, उजवीकडे, डावीकडे असं डुलत येतं. तालाचं कौतुक सगळे करतात. मी बुंध्याजवळ आल्यावर ताल तोडतो. स्पूक उभं राहतं, त्याच्याभोवतीची वर्तुळं पसरत विरतात आणि मग पाणी फुटतं. आवाज असा येतो की हात आपोआप उचलला जातो, आणि तिथेच तो आवरायचा असतो. वजन हाताला लागेपर्यंत ओढायचं नाही. हे सांगायला सोपं आहे.

हिवाळ्यात पाणी दहा अंशांच्या आसपास आलं की जर्कबेट. लांबट, सडपातळ, माशाच्या रूपाचं. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी 1936 मध्ये बुचातून कोरलेला मासा. चंदेरीपणासाठी चॉकलेटचा वर्ख आणि पाणी आत शिरू नये म्हणून वितळवलेल्या फोटोफिल्मचा लेप. तो तरंगायचा, आजची जर्कबेट पाण्यात मध्येच अधांतरी राहतात. दोन झटके द्यायचे आणि सोडून द्यायचं. किती वेळ? मनाला वाटेल त्याच्या दुप्पट. थंडीत गारठलेला बास हलायला तयार नसतो, पण नाकासमोर लटकणारी वस्तूही त्याला सहन होत नाही.

फिरत्या पात्यांचं स्पिनरबेट मला आवडत नाही. म्हणजे ते चालतं, गढूळ पाण्यात तर फार चालतं. गोल पात्याचा ठोका माशाच्या अंगावरच्या संवेदनरेषेला लांबून कळतो आणि निमुळतं पातं स्वच्छ पाण्यात चमकतं. पण ते येतं ते येतच राहतं, माणसाला फक्त रील फिरवायला ठेवतं. मधेच सोडलं तर पाती भिरभिरत खाली जातात आणि तेव्हा कधीकधी मासा लागतो, हे मान्य. तेवढ्यासाठी एक पेटीत आहे.

रंगांवर मी फार बोलत नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासला रंग ओळखायला शिकवून पाहिलं. लाल आणि हिरवा त्याला छान कळतात. पण भडक पोपटी पिवळा आणि पांढरा यांत त्याचा गोंधळ होतो, तसाच निळ्या आणि काळ्यात. आता दुकानातली भिंत आठवा. तिथे पांढरं आणि पोपटी शेजारी शेजारी टांगलेलं असतं आणि आपण दोन्ही घेतो.

मासे पकडतो म्हटलं की इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक वहिनी दर वर्षी विचारतात, ‘‘भावजी, मग खाता की नाही?’’ लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला बास ठेवताच येत नाही, आणि मला लागतो तो बहुतेक त्याच मापातला. ‘‘सोडून द्यायचा तर पकडता कशाला?’’ या पुढच्या प्रश्नाला खाडीवर वाढलेल्या माझ्यासारख्याकडे उत्तर नाही. इतकंच सांगतो की 1932 मध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी 22 पौंड 4 औंसांचा, आजही जगातला विक्रम मानला जाणारा बास ल्यूरवरच पकडला आणि घरच्यांनी तो खाऊन टाकला. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, पण जिवंत माशावर. वहिनींना पेरी आवडतात.

सेंकोचं एक सांगायचं राहिलं. ती मऊ असते म्हणून चालते आणि मऊ असते म्हणून फाटते. एकदोन माशांत मधोमध चिरते. त्यावर उपाय म्हणजे कांडीच्या मध्यावर रबरी रिंग चढवायची आणि गळ त्या रिंगखालून घालायचा, एक कांडी बराच वेळ टिकते. फाटलेली कांडी पाण्यात टाकायची नाही. ती विरघळत नाही, मासे गिळतात आणि ती पोटात फुगून बसते. बोटीत त्यासाठी एक झाकणाचा डबा आहे. ऊन तापलं की त्यातल्या कांड्या एकमेकींना चिकटून रंगीबेरंगी गोळा होतो आणि बडीशेपेचा वास सुटतो. तो वास त्यांना मुद्दाम लावलेला असतो, माशासाठी की गिऱ्हाइकासाठी, ते कंपनीलाच ठाऊक.